रस्सीखेच आणि सरांची हिंदी

आमचं कॉलेज बाहेरून चर्च होतं आणि आतून पाठशाळा. एकोणिसाव्या शतकात कुणा गोऱ्या साहेबाच्या मनात आलं की काशीतल्या पंडितांच्या डोक्यावर एक बरं छप्पर घालावं, आणि त्याने आपल्या गावात पाहिली असेल तशीच एक इमारत इथे आणून ठोकली. टोकदार कमानी, रंगीत काचा, आकाशाला टोचणारे कळस. त्या काचांतून येणाऱ्या लाल-निळ्या उजेडात आम्ही मांडी घालून शब्दरूपं घोकायचो. मी तिथे शिकलो असं म्हणायला जरा धाडस लागेल. मी तिथे होतो, एवढं मात्र छातीठोक सांगतो.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. देश घडवायचा तर आधी पोरं घडवायला हवीत असं वर कुणाला तरी वाटलं आणि हुकूम सुटला, की प्रत्येक विद्यार्थ्याने मैदानावर उतरलंच पाहिजे. आता आमच्याकडची पोरं म्हणजे शेंडी, धोतर आणि सकाळ-संध्याकाळ दूध. धावायचं ते फक्त जेवणाच्या पंगतीकडे. पहिल्या वर्षीच्या शर्यतीत पहिला नंबर एका धोतराला मिळाला. त्यातला मुलगा मागून आला. गोळाफेकीचा गोळा घरंगळत गेला तो मैदानात रवंथ करत बसलेल्या सांडाच्या पोटाखाली. सांडाला उठवणार कोण? काशीत सांड आपण होऊन उठतो. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग तो गोळा त्याचाच आहे असं मानून घरी गेलो.

हे सगळं पाहून प्राचार्यांनी व्यायामशिक्षक आणवले. थेट साताऱ्याहून. नोकरी कच्ची, एका वर्षाची. सर उंचीला बेताचे, पण आडवे असे की दारातून तिरपे होऊन यायचे. मान हा अवयव त्यांना दिलाच नव्हता. आणि आवाज! संकठा घाटाजवळ आमच्याच गल्लीत त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी घाटावर त्यांनी नुसतं खाकरलं तर गंगेच्या पलीकडे रेतीवर कलिंगडं राखत झोपलेली माणसं उठून बसत. खोटं वाटत असेल तर पलीकडे जाऊन विचारा.

एवढा आवाज, पण हिंदीत एक शब्द नाही. आमची मराठी ऐकून तर ते पहिल्याच दिवशी खाली बसले. आम्ही काशीतले मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. मी त्यांना म्हणालो, "सर, जरा रुका, मी नहाऊन फटाफट येतो."

"तू मराठी बोलतोयस, का मराठीला बुकलून काढतोयस?" सर म्हणाले.

स्वतःच्या हिंदीचं काय, हे त्यांना दूधवाल्याने दाखवून दिलं. एका सकाळी दुधात दूध कमी आणि गंगा जास्त आली. सर भडकले. माझ्यासमोर त्यांनी त्याला दारात उभं करून गर्जना केली, "देखो, मेरेको राग आता है! बहुत राग आता है!"

दूधवाल्याने कळशी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाला, "तो सुनाइए ना गुरु. सबेरे का बखत है, भैरवीए सुना दीजिए."

काशीत दूधवाल्यालाही भैरवी कळते. सर माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं की हिंदीत राग म्हणजे गाण्यातला. आपला राग वेगळा. त्यावर त्यांना आणखी राग आला, पण तो आता सांगावा कसा हे कळेना, म्हणून दार लावून घेतलं.

प्राचार्य होते अलाहाबादकडचे, शुद्ध हिंदीचे कट्टर पुजारी. 'टाइम' म्हणणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत. डिसेंबरात त्यांनी सरांना बोलावलं आणि दुभाषा म्हणून मला. म्हणाले, "इनसे कहिए, अब राज-काज की भाषा हिंदी है। वार्षिक खेल के दिन, सबके सामने, ये हिंदी में अपनी बात कह सकें तो अगले वर्ष रहेंगे। नहीं, तो नहीं।"

मी भाषांतर केलं. सर नंतर जिन्यात मला म्हणाले, "गावाकडे तालमीत पोरं पुष्कळ आहेत रे, पगार नाही. आणि काकूला इथं आत्ता कुठं गंगेची सवय झाली. तिला काही बोलू नकोस."

काकू म्हणजे सरांची बायको. मी काही बोललो नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं, कारण प्राचार्यांच्या शिपायाची बायको आणि काकू एकाच घाटावर आंघोळीला जायच्या.

झालं. सकाळी सर आम्हाला शिकवणार, संध्याकाळी आम्ही सरांना. त्यातून आमचा रस्सीखेचीचा संघ उभा राहिला. आठ जण. सात आम्ही घाटावरचे मराठी, शेलाट्या अंगाचे. आठवा होता बलियाचा, पूर्वेकडच्या भोजपुरी मुलखातला. ज्योतिष शिकायला आला होता, पण त्याची स्वतःची पत्रिका बघायची तर जमिनीवर अंथरावी लागली असती, एवढा देह. दोर कमरेला गुंडाळून शेवटी उभं राहायचं काम त्याचं. तो उभा राहिला की मैदान त्याच्या बाजूला कलायचं.

दोर आणला मुन्शी घाटावरच्या नाववाल्याकडून. समोर ओढायला कुणी नव्हतं, म्हणून सरावाला आम्ही भोसले घाटावर जायचो आणि तिथल्या दगडी इमारतीच्या खांबाला दोर बांधून ओढायचो. नागपूरकरांनी बांधलेली इमारत; मजबूत आहे असं सांगतात. एका थंडीत आम्ही ती बोटभर गंगेकडे सरकवली. ज्याला शंका असेल त्याने मोजून पाहावी, मात्र आधी ती कुठे होती हे मला विचारावं.

सरांच्या आज्ञा तीनच होत्या, आणि अर्थात मराठी. "धर!" म्हटलं की दोर पकडायचा. "बस!" म्हटलं की ढुंगण खाली, टाचा जमिनीत, समोरच्याने डोंगर ओढला तरी हलायचं नाही. आणि तो दमला की "ओढ!"

पहिल्या दिवशी आम्ही खांबाशी झटत होतो. सर गरजले, "बस!" आम्ही सात जण खाली बसलो. बलियावाल्याने दोर सोडला, कपाळ पुसलं आणि पाणी प्यायला निघून गेला. आम्ही सात जण एकमेकांच्या अंगावर, घाटाच्या पायऱ्यांवरून जे घरंगळलो ते एका पिंडदानाच्या मधोमध जाऊन थांबलो.

"ए मरदे!" मी ओरडलो. "कहाँ जा रहे हो?"

"मास्टर साहब बोले न, बस," तो म्हणाला. "बस माने बस. हो गया."

त्याला कसं समजावावं? मी म्हटलं, मराठीत बस म्हणजे बैठ. तो म्हणाला, मग बैठ म्हणा. मी म्हटलं, सरांना बैठ माहीत नाही. तो म्हणाला, मग त्यांना शिकवा. सरांनी शिकूनही घेतलं. पण सरांची हिंदी गळ्याच्या वरच्या वर राहायची. आवाज चढला की आतून साताराच बाहेर यायचा. शेवटी आम्ही सरांचा नाद सोडला आणि बलियावाल्याला मराठी शिकवली. महिना लागला. पण एकदा शिकला तो असा, की "बस" शब्द ऐकला की असेल तिथे खाली बसायचा. एकदा सायकलरिक्षात प्रवासी "बस, बस, यहीं रोको" म्हणाला, तर हा रस्त्यावर मांडी घालून बसला आणि मागून येणारी बारात त्याला वळसा घालून गेली.

काकूंचा गोंधळ याच्या उलटा. संक्रांतीला सरांनी संघाला जेवायला बोलावलं. काकू गुळाच्या पोळ्या वाढत होत्या. बलियावाल्याच्या पानात विसावी की तिसावी पोळी पडली, तसा तो हात आडवा धरून लाजत म्हणाला, "बस, बस!" जेवताना तो हिंदी होता.

काकू चपापल्या. पोरगा एवढ्या मायेने सांगतोय म्हणून तिथेच, पोळ्यांची परात मांडीवर घेऊन, खाली बसल्या. "बसले रे बाबा. तू जेव सावकाश." आणि बसल्या जागेवरून आणखी दोन वाढल्या. तो पुन्हा म्हणाला, "बस!" काकू म्हणाल्या, "अरे, बसलेय की! आता काय झोपू?"

आम्ही हसून हसून आडवे. सर मात्र हसले नाहीत. एकदम गंभीर होऊन मला म्हणाले, "म्हणजे यांच्यात बस म्हटलं की लोक थांबतात. सगळेच?"

"सगळेच, सर."

"हं," सर म्हणाले, आणि तुपाची वाटी पुढे केली. त्या 'हं'मध्ये काय होतं हे मला आजतागायत ठाऊक नाही.

वार्षिक खेळांचा दिवस आला. शेवटचा सामना रस्सीखेचीचा, शहराबाहेरच्या एका बड्या कॉलेजाशी. त्यांचे आठही जण पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, एकसारख्या बनियनांत. आम्ही अनवाणी, धोतराचा काचा मारलेला. बक्षिसाची ढाल चांदीची होती, निदान चांदीच्या रंगाची. आमच्या कॉलेजला शंभर वर्षांत मैदानावर काहीही मिळालं नव्हतं, सर्दी सोडून. तेव्हा प्राचार्यांनी ती ढाल ठेवायला सभागृहात मखमलीचं टेबल आधीच मांडून घेतलं होतं. पंच होते एक वृद्ध बंगाली प्राध्यापक, धोतर-कोट आणि गळ्यात शिट्टी. पुकारा करायचं काम आमच्या व्याकरणाच्या शास्त्रीबुवांकडे, त्यांनी कर्ण्यातून "रस्साकर्षणम्!" अशी घोषणा केली आणि निम्म्या प्रेक्षकांनी सवयीने हात जोडले.

सर दोराच्या बाजूला उभे राहिले. अगदी मागेच खुर्चीवर प्राचार्य. सरांना दोन दिवस आम्ही बजावलं होतं, की आज तोंडातून मराठी निघता कामा नये. बक्षीस-समारंभात म्हणायचं आभाराचं हिंदी भाषण मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. म्हणून सर ओठ घट्ट मिटून, नुसत्या हातांनी आम्हाला खुणावत होते. आम्ही दोर ओढताना त्यांचे हात बघणार कसे? पहिली खेच आम्ही हरलो. दुसऱ्या खेचीत त्यांच्या पुढच्या गड्याचा बूट निघाला, तो बूट शोधायला वाकला आणि आम्ही जिंकलो. आता तिसरी.

तिसरीत त्यांनी सुरुवातीलाच जोर केला. आम्ही सरकू लागलो. माझ्या टाचांनी जो चर पडला त्यात पुढे माळ्याने मुळे लावले. रुमालाची गाठ त्यांच्या रेषेपासून वीतभर राहिली. मी मान वळवून सरांकडे पाहिलं. चेहरा टोमॅटोसारखा, गालांत हवा कोंडलेली, डोळे बाहेर. आणि तो बांध फुटला.

"बssस!"

मी आजवर पुष्कळ आवाज ऐकले. तसा नाही ऐकला. झाडावरचे पोपट गप्प झाले. रस्त्यावरचे टांगे-एक्के थांबले. आम्ही आठही जण दगडासारखे खाली बसलो. समोरच्या आठांनी, बनारसचीच पोरं ती, सामना संपला समजून हात सैल सोडले. एकाने तर कपाळावरचा घामही पुसला. "ओढ!" सर गरजले. आम्ही ओढलं, आणि आठही बनियनं आमच्या अंगावर येऊन पडली.

एकच गोंधळ. आमची पोरं नाचायला लागली. त्यांचा कप्तान धूळ झटकत पंचांकडे धावला. "सर, ये बेईमानी है! इन्होंने बोला बस, हम समझे खेल खतम!"

पंचांनी चष्मा पुसला. "लेकिन हाम तो समझा, बोलता है बैठने को," ते म्हणाले. "बांगला में भी हाम लोग बैठने को 'बोशो' बोलता है. हाम खुद बैठ गया था." खरंच, ते खुर्चीवरच होते, मघापर्यंत उभे होते.

शास्त्रीबुवा कर्णा घेऊन धावत आले. त्यांना असा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. मराठीतलं बसणं हे संस्कृतातल्या 'उपविश्'वरून आलेलं असून हिंदीतलं बस फारसी आहे, म्हणून काशीच्या मैदानात आपलंच बस ग्राह्य धरावं, असा त्यांनी कर्ण्यातून निकाल दिला. टाळ्या पडल्या. त्यांचा कप्तान म्हणाला, "पंडितजी, हमको रस्सी खींचनी थी, धातु नहीं!" त्यालाही टाळ्या पडल्या.

पंचांनी हात वर केला. "मुद्दा एकई है," ते सरांकडे वळून म्हणाले. "मास्टरमोशाय, आप जानता था, हिंदी में इसका माने क्या होता है? नहीं जानता था, तो ढाल आपका. जानता था, तो फिर से खींचना होगा."

सगळं मैदान सरांकडे पाहू लागलं. मी दुभाषा, दोन ढांगांत सरांशेजारी. आणि तिथे पोचल्यावर मला खरी अडचण दिसली. नाही म्हटलं तर ढाल आमची, पण प्राचार्यांच्या देखत सिद्ध झालं की या माणसाला हिंदीतला दोन अक्षरी शब्दही कळत नाही. म्हणजे चला साताऱ्याला. हो म्हटलं तर ढाल गेली, आणि ती घालवणाऱ्याला प्राचार्य कशाला ठेवतील? मखमलीचं टेबल त्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. ते सरांकडे असे बघत होते की मान हलवायची ती आडवीच हलव.

"सर," मी कुजबुजलो, "तुम्ही बोलू नका. मी बघतो काय सांगायचं ते."

सरांनी नुसता हात आडवा केला. मी तीन पावलं बाजूला फेकला गेलो. मग ते पंचांकडे तोंड करून उभे राहिले आणि त्या प्रचंड छातीतून, अगदी हळू आवाजात, आमच्या पाठ केलेल्या भाषणातला एकही शब्द न वापरता, हिंदी बाहेर आली.

"मालूम था. संक्रांत से मालूम था. लेकिन मैं जब चिल्लाता है, तब मेरेको मराठीच आती है. मैंने ठरवके नहीं किया. पण ये बच्चे लोग फसा, वो सच्चा है. खेल बराबर नहीं हुआ. फिर से खींचो. मैं उधर झाड के पीछे जाके बैठता है."

आणि खरोखरच ते गेले, लिंबाच्या झाडामागे. झाड बारीक होतं. सर दोन्ही बाजूंनी दिसत होते.

आम्ही पुन्हा दोर धरला. खोटं कशाला सांगू, नाहीतर सांगितलंही असतं, पण हजारो लोकांनी पाहिलंय: आम्ही हरलो. झटकन नव्हे. बलियावाला रडत रडत ओढत होता, आणि जाताना मैदानाचा एक तुकडा टाचांबरोबर घेऊन गेला. त्यांच्या कप्तानाने ढाल घेतली आणि पहिल्यांदा कुठे गेला असेल तर झाडामागे, सरांच्या पाया पडायला.

मग प्राचार्य उठले. आम्ही सगळे धुळीने माखलेले उभे. ते सरांसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आपने 'मैं' के साथ 'है' कहा। दो बार। 'ठरवके' हिंदी नहीं है। 'बच्चे लोग फसा', ये तो किसी भाषा में नहीं है।"

सर मान खाली घालून उभे. म्हणजे जिथे मान असते तिथून काहीतरी खाली घालून.

"जुलाई से," प्राचार्य म्हणाले, "आपको हिंदी की शिक्षा दी जाएगी। प्रतिदिन। मैं स्वयं दूँगा।" आणि वळून, त्या रिकाम्या टेबलाची मखमल काढायला सांगत निघून गेले.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला दंडाला धरून म्हणाले, "शिक्षा? खरं बोललो तर शिक्षा? आणि रोज? अरे, ढाल गेली ती पुरे नाही झाली का ह्यांना?"

मी आधी हसलो. दोन थोबाडीत बसतील असं वाटलं तेव्हा सांगितलं. "सर, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं. ते तुम्हाला शिकवणार आहेत."

"कधी?"

"जुलैपासून."

सर तसेच उभे. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजाडलं, की जुलै हा कॉलेजाच्या पुढच्या वर्षातला महिना आहे. त्यांनी मला उचललं. माझ्या दोन फासळ्या अजून थंडीत दुखतात.

आम्ही आठही जण सरांना घेऊन संकठा घाटाच्या गल्लीत शिरलो, हरलेला संघ कधी ओरडला नसेल एवढे ओरडत. काकू वर खिडकीत उभ्या होत्या. "जिंकलात?" त्यांनी विचारलं.

"हरलो!" आम्ही सगळे एकदम.

"मग एवढा आरडाओरडा कसला?"

सर खालूनच म्हणाले, "राहायचं म्हणतात. इथंच."

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग एकदम कामाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "मग उडदाची डाळ आणा उद्या. उन्हाळ्याचे पापड घालायचे ते मी थांबवून ठेवले होते. आणि गच्चीवर वानरांना हाकलायला कोण बसणार आहे?"

सर आमच्याकडे वळले. आम्ही आठ जण एकमेकांकडे बघायला लागलो, पण गल्ली अरुंद होती आणि तोंडाशी सर उभे होते. त्या उन्हाळ्यात आमच्या संघाचे वानरांशी पुष्कळ सामने झाले. एका म्हाताऱ्या वानराने तर काकूंचं अख्खं धुणं वाळत घातलेली दोरी आमच्याविरुद्ध एकट्याने ओढली, आणि बलियावाला शेवटी उभा असूनही जिंकली.